डावा कौल

महिपत शिवगणच्या खळ्यावर पोरं पाढे ओरडायला लागली की वाडीतल्या सासुरवाशिणी उठत. कोंबडा कधी आधी आरवे, कधी नंतर, त्याचा काही भरवसा नव्हता. महिपतच्या पोरांचा होता. पूर्णगडच्या खाडीने होडी घालून आत गेलात तर चढणीवर जी वाडी लागते, तिथली ही हकिगत. सन सव्वीसच्या सुमाराला सुरू झालेली.

या महिपतला पाहिलंत तर तुम्ही म्हणाल, हा माणूस नांगरापलीकडे काही जाणत नसणार. काळा, उंच, गुडघ्यापर्यंत पंचा, बोलणं कमी. पण शाळेत असताना हा पहिल्या नंबरावर बसायचा. सातवीत गेला, फायनलला नाव जायचं होतं, आणि त्याच पावसाळ्यात बाप गेला. झालं! दप्तर खुंटीला लागलं ते लागलंच. फायनल म्हणजे मराठी सातवीची सरकारी परीक्षा. ती द्यायला रत्नागिरीला जावं लागे. पास झालं की मास्तर होता येई, नाहीतर मुंबईत गिरणीच्या खात्यात अंग जाळायच्या ऐवजी कुठेतरी टेबलामागे बसता येई. महिपतला टेबलाची हौस नव्हती. त्याला मास्तरच व्हायचं होतं. लहानपणी तो गुरांना ओळीत बसवून पाढे म्हणायला लावायचा, अशी त्याची आई ठमाबाई सांगायची आणि पदर तोंडाला लावून हसायची.

ठमाबाईला दोन मुलगे. थोरला रामा मुंबईला गोदीत लागला. पहिली दोन-तीन वर्षं शिमग्याला आला, आईला लुगडं आणलं, नंतर मानमोडीच्या तापाच्या साथीत तिकडेच गेला. कुणी जाळला, कुठे जाळला, तिला कधी कळलं नाही. शेजारची बाई सांगायला आली तेव्हा ती भात कांडत होती, आणि म्हणे मुसळ खाली ठेवलं नाही, तसंच कांडत राहिली. नंतर नवरा गेला. उरला महिपत, आणि त्याची तुळसाशी गाठ बांधून ती त्याच्या संसाराकडे बघत बसली.

एके दिवशी काशीराम गुरव आपल्या आत्मारामला घेऊन महिपतकडे आला. काशीराम म्हणजे गावदेवीचा पुजारी, गावात त्याच्या शब्दाला मान. पोरगा हुशार, पण शाळेत टिकेना. नुसतं घोकायचा आणि दुसऱ्या दिवशी सगळं साफ. काशीराम म्हणाला, बघ बाबा, तुझ्याकडे बसव थोडा. महिपतने बसवला. मग आत्मारामच्या मागून शिवा आला, शिवाच्या मागून आणखी चार. बघता बघता खळं भरलं.

महिपतची अभ्यासाची रीत त्याची स्वतःची होती, आणि त्या रीतीपायी त्याच्याशी कुणी वाद घालायला आलं तर तो चक्क चिडायचा. पहिलं म्हणजे, नावडता विषय आधी. बैल ताजे असतात तेव्हा कठीण कोपरा नांगरायचा, दमल्यावर नाही, असं तो म्हणे. म्हणून पहाटे गणित, आणि इतिहासाच्या गोष्टी मागाहून. दुसरं, प्रत्येकाची जागा ठरलेली. शिवा मेढीच्या खांबापाशी, आत्माराम जात्याजवळ. जागा बदलली की मन पुन्हा नव्याने बसवावं लागतं, त्यात वेळ जातो. तिसरं, जे आज शिकलास ते पुस्तक मिटून दुसऱ्याला समजावून सांग. सांगता आलं नाही तर तुला येत नाही, मान डोलावून काय उपयोग! नकाशा पाठ करायचा नाही, खळ्यावर राखेने काढायचा आणि नद्यांवरून चालत जायचं. पोरं कृष्णेवरून चालत समुद्राला पोहोचायची आणि कोंबड्या त्यांचा मुलूख विस्कटून टाकायच्या. मग पुन्हा काढायचा. दोनदा विस्कटला की तो जन्मात विसरायचा नाही.

संध्याकाळी दिवेलागणीला परवचा झाला की पुस्तकाला हात लावायचा नाही. झोपायचं. जागरण करणाऱ्या पोराला तो दुसऱ्या दिवशी घरी पाठवायचा. आणि परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात नवं काही शिकायचं नाही म्हणजे नाही, जे आहे तेच उलटसुलट करायचं. आयांनी मुलांना परीक्षेच्या दिवशी उपास धरायला लावायचं ठरवलं, तर हा एकेकीच्या दारात जाऊन भांडला. पोटात भात असला तर डोक्यात हिशेब उभा राहतो, तुम्ही हवं तर पोराच्या नावाने उपाशी राहा, असं त्याने तोंडावर सांगितलं. बायका रागावल्या, पण पोरांना जेवू घातलं.

आता या सगळ्यात स्वतः महिपत कुठे होता? तर तो प्रत्येक वर्षी पोरांबरोबर स्वतःचीही तयारी करत होता. बाहेरून नाव देता येत होतं. शाळेचे हेडमास्तर म्हणाले होते, तू नुसता बस, पास आहेसच. मात्र एक इशाराही दिला होता. पंचविशी उलटली की नव्या माणसाला मास्तर म्हणून घेत नाहीत, तेव्हा फार रेंगाळू नको. म्हणजे घाई होती. मग बसायला काय हरकत होती, असं तुम्ही विचाराल. अहो, कौल घेतला नव्हता ना!

आमच्याकडे कौल घेतल्याशिवाय पान हलत नाही. पेरणी, सोयरीक, मुंबईला जाणं, विहीर खणणं, सगळं देवीला विचारून. गुरव देवीच्या पाषाणाला डावी-उजवीकडे फुलाच्या ओल्या पाकळ्या लावतो, मग गाऱ्हाणं घालतो, भोवतालची माणसं ‘होय म्हाराजा’ म्हणतात, आणि सगळे टक लावून बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर देवीची परवानगी. डावी पडली तर नाही. त्यावर चर्चा नाही, अपील नाही. कौल मोडून गेलेल्याचं काय काय वाईट झालं याच्या गोष्टी प्रत्येक घरात होत्या, आणि महिपत त्या ऐकूनच वाढला होता.

पहिल्या वर्षी त्याने नवी पैरण घालून नारळ ठेवला. काशीरामने गाऱ्हाणं घातलं, हे तुझं लेकरू फायनलला बसू म्हणतं, त्याला वाट दे. डावी पाकळी पडली. महिपतचं तोंड उतरलं, पण देवीपुढे नमस्कार करून तो घरी आला. ठमाबाईने त्याला जेवायला वाढलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, देवीच्या मनात काहीतरी चांगलं असेल बाळा, तिला आपल्यापेक्षा पुढचं दिसतं. त्या वर्षी त्याची पोरं रत्नागिरीला गेली आणि एक सोडून सगळी पास होऊन आली. असं गावात कधी झालं नव्हतं. मिरवणूक निघाली, ताशा वाजला, आणि महिपतला पुढे चालवलं. तो खूष होता. खोटं कशाला सांगा, खरंच खूष होता.

दुसऱ्या वर्षी पुन्हा डावा. तिसऱ्या वर्षीही. आता तुळसा फणकारली. ती म्हणाली, आपली देवी ऐकत नाही तर पलीकडच्या गावच्या देवीला विचारा, तिला काय आपला राग आहे? महिपतने तिला गप्प केलं. आपलं गाऱ्हाणं परक्या देवीपुढे नेणं म्हणजे आपल्या आईला सोडून शेजारणीकडे जेवायला जाण्यासारखं, असं तो म्हणाला. तुळसा म्हणाली, शेजारीण वाढत असेल तर जावं माणसानं. पण तो गेला नाही. तिचं ऐकलं असतं तर ही हकिगत सांगायची वेळच आली नसती.

आत्माराम तीस साली पास झाला, तोही जिल्ह्यात नाव घेण्याजोगा. मास्तरकीच्या ट्रेनिंगला गेला, आणि जात्याजवळच्या त्याच्या जागेवर त्याचा धाकटा भाऊ बसायला लागला. महिपत तरी दर वर्षी नारळ घेऊन देवळात जात राहिला, आणि दर वर्षी डावी पाकळी पडत राहिली. पंचविशी आली. शेवटच्या वर्षी पाकळी पडली तेव्हा तो देवळाच्या पायरीवर बसून राहिला. ठमाबाई स्वतः त्याला हाताला धरून घरी घेऊन आली. त्यानंतर त्याने कौल मागितला नाही. पोरांना मात्र शिकवत राहिला, त्याच कडक शिस्तीने, कारण पोरांचा काही गुन्हा नव्हता. आणि त्याने मनाशी एक समजूत करून घेतली, की देवीने आपल्याला या खळ्यासाठीच ठेवलं आहे. माणूस दुसरं काय करणार?

पस्तीस साली आत्माराम आपल्याच गावच्या शाळेत मास्तर होऊन आला. कोट, टोपी, पायात वहाणा. तोपर्यंत काशीराम वारला होता आणि देवीची पूजा त्याच्या धाकट्या भावाकडे गेली होती. आत्मारामचं देवळात मन नव्हतं. तो शहरात राहून आलेला, त्याला हे कौलबिल सगळं थोतांड वाटे. त्या हिवाळ्यात चौथीतली गंगा तापाने फणफणली आणि तिचा बाप दवाखान्यात न नेता कौल लावून बसला. पोरगी जाता जाता वाचली. आत्माराम संतापला. शनिवारी त्याने पालकांना शाळेत बोलावलं. महिपतही गेला, पोरांचे पालक जात होते म्हणून.

आत्मारामने भिंतीला टेकवून एक पाटी उभी केली, तिच्यावर दोन ओल्या पाकळ्या लावल्या आणि म्हणाला, बघा, यातली कुठली आधी पडेल ते मी आधीच सांगतो. डावी पडेल. आणि खरंच डावी पडली. त्याने पुन्हा लावल्या, म्हणाला आता उजवी, आणि उजवी पडली. लोक बघतच राहिले. मग त्याने बोट दाखवलं. बोटाला ओलं गंध होतं. जी पाकळी राहायला हवी तिच्या पाठीला थोडं गंध लावायचं, दुसरीला नुसतं पाणी. गुरवाच्या बोटात सगळं असतं, देवीचा यात काही संबंध नाही, असं तो मोठ्याने म्हणाला. म्हणताना त्याला आपल्या हुशारीचं कौतुक वाटत होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

महिपत मागे उभा होता. तो पुढे आला. त्याचा आवाज चढलेला नव्हता.

“माज्या पाकळीला लावलं व्हतं?”

आत्मारामच्या हातातली पाकळी खाली पडली. त्याने लोकांकडे पाहिलं, मग पाटीकडे पाहिलं, आणि पोरं बघत होती तरी बोटावरचं गंध कोटाला पुसायला लागला. तिथेच महिपतला सगळं कळलं. ज्याला जात्याजवळ बसवून अपूर्णांक शिकवले, थंडीत स्वतःची घोंगडी पांघरायला दिली, पास झाल्यावर ज्याला खांद्यावर घेऊन नाचला, तो हा. हा जाणून होता.

शाळा सुटल्यावर आत्माराम त्याच्या मागे धावत आला. आंब्याखाली गाठलं. रडकुंडीला आला होता. म्हणाला, गंधाची वाटी मीच धरायचो दादा, लहान होतो, बाबांनी शपथ घातली होती. महिपत म्हणाला, लहान होतास तेव्हा होतास, नंतर मोठा झालास ना? पंचविशी यायच्या आधी एकदा सांगितलं असतंस. त्यावर आत्माराम जे बोलला ते निदान खरं होतं.

“तू गेला असतास तर माझ्या भावाला कोण शिकवणार होतं?”

ऐकलंत? माणूस किती सरळ बोलतो बघा, एकदा पकडला गेला की. महिपतने त्याला हात लावला नाही. लावायला हवा होता, असं ज्याला ज्याला हे कळलं तो म्हणाला. तो नुसता चालायला लागला, तर आत्माराम मागून अजून एक बोलला. बापाची बाजू राखायला बोलला असेल. बाबांच्या डोक्यात हे आधी नव्हतं, म्हणाला. आधी तुझी आईच आली होती आमच्याकडे. पदरात नारळ घेऊन. तिने बाबांचे पाय धरले होते.

त्या दिवशी महिपत घरी आला आणि जेवला. ठमाबाईने विचारलं, शाळेत काय झालं, तर म्हणाला, मास्तरने काहीतरी गंमत दाखवली. बस्. तुळसालाही काही बोलला नाही. सोमवारी शाळेत जाऊन त्याने फायनलला आपलं नाव दिलं. आत्मारामनेच ते मान खाली घालून लिहून घेतलं. कौल नाही, नारळ नाही. तिशीला टेकलेला माणूस, नोकरीचा काही उपयोग नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. उपयोगासाठी तो बसतच नव्हता. त्याला एकदा बघायचं होतं की आपल्याकडून काय काढून घेतलं गेलं.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात त्याने स्वतःही नवं काही वाचलं नाही, जे पोरांना सांगे तेच केलं. पोरांबरोबर होडीने पूर्णगडला उतरला, तिथून त्यांच्याबरोबर चालत रत्नागिरीला गेला. परीक्षेच्या दालनात आपल्या पोरांच्या मागच्या बाकावर बसला, गुडघे बाकात मावत नव्हते. देखरेखीवरच्या माणसाने त्याला कुणाचा तरी बाप समजून बाहेर जायला सांगितलं. पोरं हसली, महिपतही हसला, आणि मग पेपर हातात आल्यावर त्याचे डोळे भरून आले. एकही प्रश्न असा नव्हता की जो त्याला वयाच्या विसाव्या वर्षी आला नसता.

निकाल आला. महिपत पास. नुसता पास नाही, त्याच्या वर तालुक्यात कुणी नव्हतं. वाडीत पुन्हा ताशा वाजला. हेडमास्तर दारात येऊन हळहळले, अरे, चार-पाच वर्षांपूर्वी बसला असतास तर आज तुझी स्वतःची शाळा असती. महिपतने त्यांना सुपारी दिली आणि ते गेले.

मग ठमाबाई आतून गूळ घेऊन आली. म्हातारी आता वाकली होती, पण त्या दिवशी तिच्या अंगात वारं भरलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, मी म्हणत नव्हते माझा महिपत हुशार म्हणून? तिने त्याच्या हातावर गूळ ठेवला. म्हणाली, शेवटी देवीने ऐकलं. पासही झालास आणि घरातही राहिलास.

महिपतने तिच्याकडे बघितलं. त्या दिवशी आंब्याखालून निघाल्यापासून त्याने जे दाबून धरलं होतं ते आता धरवेना.

“देवीला कशाला मधी आणतेस, आये. काशीरामाचे पाय तू धरलेस.”

ठमाबाई तिथेच पायरीवर बसली. तिने नाही म्हटलं नाही. ते तरी एक बरं केलं तिने. रामाचं नाव घेतलं, म्हणाली, एक मुंबईला गेला त्याची राखसुद्धा दिसली नाही, दुसऱ्याची बदली कुठे देशावर झाली असती तर मी कुणाच्या तोंडाकडे बघून जगायचं होतं? यात तिला काही चूक वाटत नव्हती. आपलं पोर आपण राखलं, एवढंच तिला वाटत होतं.

महिपत म्हणाला, अगं, मला सांगायचं होतंस. एकदा नुसतं म्हणाली असतीस, महिपत, जाऊ नको, तर मी काय तुला टाकून गेलो असतो? मी राहिलो असतो. जाणतेपणी राहिलो असतो. इतकी वर्षं मी देवीपुढे जाऊन विचारत होतो, माझं काय चुकलं म्हणून. आणि तू मला जेवायला वाढत होतीस.

ठमाबाईने मान वर केली. त्या वयात बायका स्पष्ट बोलतात.

“राह्यला असतास. पण माज्यावर राग धरून. देवीनं सांगितलं म्हणून कसा हसत राह्यलास.”

ते खरं होतं. तो हसत राहिला होता. मिरवणुकीत पुढे चालला होता. गावाने, गुरवाने, त्याच्या स्वतःच्या विद्यार्थ्याने त्याला हसत ठेवलं होतं, आणि ते कसं करायचं हे ज्या बाईला नेमकं ठाऊक होतं ती त्याची आई होती. तुळसा दारात उभी राहून ऐकत होती.

महिपतने गूळ पुन्हा ताटलीत ठेवला. तो म्हणाला, आये, तुला दोन वेळचं जेवण, अंगावर लुगडं, दुखण्याखुपण्याला माणूस, कशात अंतर देणार नाय. कुठे जाणारही नाय, या वयात तुला टाकून मी जाणार कुठे? पण तू काय सांगितलंस तर ते खरं मानायचं, एवढं आता माज्याकडून मागू नको. ते माज्याजवळ उरलं नाय.

ठमाबाईने ऐकून घेतलं. मग उठली आणि चुलीपाशी जाऊन भाताचं आधण ठेवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. लेक घरात होता, तिला तेवढं पुरत होतं.